माफीपत्रावरचा अंगठा

"मी वाढणारी आहे, उठवणारी नाही."

शारदाबाई दुशिंग हे दिवसातून दोन-चार वेळा तरी म्हणायच्या. भंवरकुआं भागात कोचिंगच्या पोरापोरींची एक मेस आहे, तिथं त्या पोळ्या लाटायच्या. दुपारी तीन वाजले की मॅनेजर दार लावून घ्यायचा आणि नेमका तेव्हाच कुणीतरी क्लासमधून धापा टाकत यायचा. मॅनेजर ओरडायचा, "टाइम देखा है क्या भिया? चल, निकल." शारदाबाई तव्यावरची नजर न हलवता म्हणायच्या, "बसू द्या हो त्याला. मी वाढणारी आहे, उठवणारी नाही." आणि पोर बसायचं. मॅनेजर पुटपुटायचा, पण बाईंपुढं त्याचं चालत नसे. तशा पोळ्या त्या अख्ख्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाच्या होत नव्हत्या.

मी गौतमपुऱ्याचा शेतकरी. सोमवारी आणि गुरुवारी त्या मेसला बटाटे आणि लसूण पोचवतो. पोती उतरेपर्यंत बाईंच्या ओट्याशी स्टुलावर बसायचो, चहा प्यायचो. मातीत वाढलेल्या माणसाला थांबून ऐकायची सवय असते. शेत काही लवकर बोलत नाही. बाईही लवकर बोलत नसत. सहा वर्षांत थेंबाथेंबानं जे ऐकलं ते, आणि शेवटी जे डोळ्यांनी पाहिलं ते, मी इथं मांडतो आहे.

बाई मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून इथल्या कापडगिरणीत आले, ते बायको, एक पत्र्याची पेटी आणि पवित्र शास्त्र घेऊन. बाईंचे यजमान दिनानाथ पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. मूलबाळ झालं नाही. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर, आणि घरापासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं चर्च. तिथल्या माणसांना ते लोक मंडळी म्हणतात. घंटा एक, बाकं वीस, आणि बाकांपेक्षा जुनी भांडणं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असतं. येशूनं मरणाआधी आपल्या माणसांना भाकर मोडून दिली, द्राक्षरसाचा प्याला दिला. त्याची आठवण म्हणून सगळे जण तुकडाभर भाकर आणि घोटभर रस घेतात. तो रस आणि ती भाकर एकतीस वर्षं शारदाबाईंच्या घरून जात होती. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या. शनिवारी मंद आचेवर उकळायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळायचं नाही, रस आपला आपण उतरला पाहिजे. मग मैद्याची, खमीर न घातलेली जाड भाकर. पीठ मळताना बाई बोलत नसत. तेव्हा कुणी आलं तर दिनानाथ दारातच अडवायचे, "थांबा जरा. आत प्रभूचं जेवण शिजतंय. आमचं अजून व्हायचंय."

हे सगळं बाईंना लहानपणी मिशनच्या एका म्हाताऱ्या मास्तरणीनं शिकवलं होतं. तिनं बजावलं होतं, पीठ तुझं, मीठ तुझं, पण पाळकानं आशीर्वाद मागितला की ती तुझी राहत नाही. त्याआधी ती नुसती भाकर. फरक विसरू नकोस. पाळक म्हणजे त्यांचे पाद्री. बाई तो फरक कधी विसरल्या नाहीत. आशीर्वादाआधीचे कडेचे काप त्या पाखरांना घालत. आशीर्वाद झालेला चुरा मात्र तळहातावर गोळा करून, डोक्यावर पदर घेऊन स्वतः खात.

भांडण जमिनीवरून झालं. चर्चच्या मागं मुलींची एक बंद पडलेली शाळा होती. शारदाबाई तिथंच शिकल्या होत्या. ती जागा दुकानं बांधायला एका बिल्डरला द्यायची, असं कमिटीनं ठरवलं आणि मंडळीला विचारलं नाही. दिनानाथ तोवर रिटायर झाले होते. आणखी सहा जणांना बरोबर घेऊन त्यांनी कोर्टात अर्ज केला. पहिलं नाव त्यांचं.

कमिटीचे सेक्रेटरी रघुवीर पारखे. कुठल्याशा कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पांढरी सफारी, खिशाला दोन पेनं. महिनाभरात त्यांनी बैठक घेतली आणि सातही जणांची नावं सभासदांच्या रजिस्टरमधून लाल शाईनं खोडली. नाव खोडलं म्हणजे प्रभुभोजन बंद, पाळकानं घरी येणं बंद आणि मेल्यावर कब्रस्तानात जागा बंद.

शारदाबाईंचं नाव तेवढं राहू दिलं. त्यांचं खोडलं असतं तर मनुका कोण उकळणार होतं?

त्यानंतर चार वर्षं पहिल्या रविवारी असंच चाललं. बाई भाकरीची टोपली घेऊन आत जायच्या आणि दिनानाथ फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी उभे राहायचे. उपासना संपली की दोघं बरोबर घरी.

"काय म्हणाले तुझे पाळकसाहेब?"

"शत्रूवर प्रीती करा म्हणाले."

"मग मला आत का घेत नाहीत? मी तर रजिस्टर्ड शत्रू आहे."

बाई हसायच्या. घरी गेल्यावर तोंडावर पाणी मारायच्या आणि बराच वेळ तसंच मारत राहायच्या.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर दिनानाथांनी अंथरूण धरलं. वर्कशॉपमधली तीस वर्षांची लोखंडाची धूळ छातीत बसलेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थोडे दिवस ठेवलं, मग घरी न्या म्हणाले. आता घरी का, ते दोघांनाही कळलं. एकमेकांना कुणी सांगितलं नाही.

एका दुपारी दिनानाथ म्हणाले, "शारदा, पहिला रविवार कधी आहे?"

"येतोय. पाच दिवसांनी."

"मला पाहिजे."

काय पाहिजे ते बाईंनी विचारलं नाही. थोड्या वेळानं दिनानाथच म्हणाले, "चार वर्षं झाली. उपाशी जायचं नाही मला."

"पाळकांना आणते मी."

"पाळक कशाला? तूच दे ना. तुझ्याच हातची आहे."

"माझ्या हातची ती भाकर आहे. प्रभूची नाही."

"म्हणजे तुझ्या प्रभूला पण पारखेचा शिक्का लागतो?"

"असं बोलू नका हो."

"बरं, नाही बोलत. श्वास कमी आहे, पुरवून वापरला पाहिजे." ते हसायला गेले आणि खोकला लागला.

हे मला सांगताना बाईंचं लाटणं थांबलं होतं. तव्यावरची पोळी करपली, ती मी उतरवली. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नाही. एवढंच मागितलं."

बाई आधी पाळकाकडं गेल्या. अनीश नावाचा तरुण माणूस, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेला. आवाज गोड, नजर जमिनीवर. तो म्हणाला, "बाई, मला यायचंय. मनापासून यायचंय. पण रजिस्टरवर नाव नाही. पारखेसाहेबांना एकदा विचारून या."

पारखेसाहेबांनी बाईंना खुर्ची दिली. त्यांच्या बायकोनं, सुहासिनीबाईंनी, पाणी आणून दिलं आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"दुशिंगबाई, मला काय आनंद होतो का? पण रूल इज रूल. माफीपत्र द्या, पाळक लगेच येतील."

"ते लिहिणार नाहीत, साहेब."

"मग प्रॉब्लेम कुणाचा? आमचा की त्यांचा?"

बाईंनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, "त्या कागदाचं काय करणार?"

"करायचं काय? फाइलला लागेल. कोण बघायला बसलंय?" आणि त्यांनी मजकूर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "असं असं लिहा. हात थरथरत असेल तर अंगठा चालेल."

तो गुरुवार होता. मी मेसमध्ये स्टुलावर बसलो होतो. बुऱ्हाणपूरची अनुश्री नावाची मुलगी तिथं जेवायची, तिचं मराठी अक्षर चांगलं. बाईंनी तिला चिठ्ठी आणि कोरा कागद दिला. मुलीनं चिठ्ठी वाचली. मी मंडळीविरुद्ध उभा राहिलो हे माझे पाप होते, मला पश्चात्ताप झाला आहे, कोर्टातला अर्ज मी मागे घेत आहे, असं काहीसं होतं.

"आजी, आजोबांना माहिती आहे ना?"

"लिही तू."

"नाही, पण हे कोर्टाचं..."

"लिही बाळा. त्यांना जेवायचंय."

मी तिथंच होतो. बशीतला चहा पीत होतो.

शुक्रवारी बाईंनी मनुका भिजत घातल्या. शनिवारी दुपारी, औषधाच्या गुंगीत दिनानाथ झोपले असताना, शाईचा पॅड उघडला. ज्या अंगठ्यानं तीस वर्षं यंत्रं घासून जुळवली तो अंगठा हातात घेतला. सहीऐवजी अंगठा द्यायची दिनानाथांना लाज वाटायची. दवाखान्यात हात थरथरला आणि फॉर्मवर अंगठा द्यावा लागला, तेव्हा ते दिवसभर जेवले नव्हते. बाईंनी अंगठा दाबला, कागद बाजूला ठेवला आणि खोबरेल तेल लावून बोट पुसलं. जांभळा रंग रेघांमध्ये राहिलाच. संध्याकाळी त्यांनी कागद पारखेसाहेबांकडं पोचवला, आणि पाळक सोमवारी सकाळी येतील, असा साहेबांचा निरोप आला.

रविवारी बाई टोपली घेऊन चर्चला गेल्या. प्रभुभोजनाच्या आधी पाळकानं एक कागद उलगडला आणि दिनानाथ दुशिंग हे नाव घेतलं. बाईंना वाटलं, त्यांच्यासाठी प्रार्थना असेल. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी ते माफीपत्र शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. पुढच्या बाकावरच्या दोघी वळून हसल्या. कुणीतरी हालेलुया म्हणालं.

बाहेर आल्यावर बाई पारखेसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. "फाइलला लागेल म्हणाला होता."

"जुनी चाल आहे, बाई. पाप मंडळीसमोर, तर माफी पण मंडळीसमोर. तुम्हाला पाळक पाहिजे होते ना? येतील."

संध्याकाळी गोपीनाथ लोंढे घरी आले. दिनानाथांबरोबर वर्कशॉपमध्ये होते, अर्जातलं दुसरं नाव. आत येऊनही बसले नाहीत. मोबाइल दिनानाथांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यात त्या कागदाचा फोटो होता.

"कमिटीनं ग्रुपवर टाकलंय, दिनाभिया. उद्या आपल्या तारखेला कोर्टात लावणार आहेत. मी म्हटलं, हे खोटं आहे. शर्त लावली मी लोकांशी. फक्त सांग, अंगठा तुझा नाही ना?"

दिनानाथांनी फोटो पाहिला. मग स्वतःचा अंगठा उलटा करून पाहिला. मग बायकोकडं पाहिलं. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"माझाच आहे," दिनानाथ म्हणाले.

"जबरदस्तीनं घेतला?"

"नाही. मीच दिला."

गोपीनाथांनी मोबाइल खिशात घातला. "चाळीस साल का साथ, यार," एवढं म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्यासाठी केलेला चहा ओट्यावर निवत राहिला.

सोमवारी पाळक आला. पांढऱ्या रुमालात भाकर, छोट्या बाटलीत रस. खाली गुडघ्यावर बसून त्यानं प्रार्थना केली, आशीर्वाद मागितला, आणि तुकडा दिनानाथांच्या ओठांजवळ नेला. दिनानाथांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पाळकानं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. रुमाल गुंडाळला, बाईंना नमस्कार केला आणि बूट नीट न घालताच बाहेर पडला.

तिन्हीसांजेला दिनानाथ भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, "तुझ्या हातची दिली असतीस तर खाल्ली असती."

घरात कडेचे काप होते. आशीर्वाद न झालेले, डब्यात. बाई उठल्या, डबा घेऊन आल्या, एक तुकडा पाण्यात भिजवून त्यांच्या तोंडाशी धरला. पण आता दात घट्ट बसले होते. रागानं की आजारानं, ते बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. बुधवारी सकाळी ते गेले.

कब्रस्तानाचं फाटक उघडलं, कारण माफीपत्र होतं आणि रजिस्टरमध्ये नाव पुन्हा चढलं होतं. खड्ड्याशी पाळकानं त्यांना पश्चात्ताप करून परत आलेला बंधू म्हटलं. पारखेसाहेबांनी पहिली मूठ माती टाकली. अर्जातले बाकीचे सहा जण आत आले नाहीत. गोपीनाथ रस्त्याच्या पलीकडं पाठ करून उभे होते, माती पडल्याचा आवाज थांबेपर्यंत. बाईंनी मान वर केली नाही. मला नंतर म्हणाल्या, "तिथं बोलले असते तर माती थांबवली असती त्यांनी. म्हणून गिळलं."

आठ दिवसांनी त्या गोपीनाथांकडं गेल्या आणि सगळं सांगितलं. गोपीनाथ म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याला झाकताय. तो स्वतः मला म्हणाला, मीच दिला." बाईंनी डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. गोपीनाथांनी दार लावलं नाही, पण आत जाऊन टीव्ही लावला. नवऱ्यानं बायकोला वाचवायला सांगितलेलं खोटं आता खऱ्यापेक्षा पक्कं झालं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारसाठी बाईंनी मला बोलावलं. "भाऊ, एक दिवस गाडी रिकामी आणा. टोपली न्यायचीय. आणि तुम्ही आत बसा. मी बोलेन ते ऐकायला बाहेरचा एक तरी माणूस पाहिजे."

"या वेळी पण भाकर तुम्हीच करणार?" मी विचारलं.

"मग लोकांनी काय उपाशी राहायचं?"

मी शेवटच्या बाकावर बसलो. त्यांचं गाणं सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पेटीवर एक म्हातारा, बायकांचे जाड, भरलेले आवाज. माझ्या अंगावर काटा आला. गाणं संपलं आणि पाळक पांढऱ्या चादरीच्या टेबलामागं उभा राहिला, तेव्हा शारदाबाई बाकावरून उठल्या.

"मला बोलायचंय."

"उपासना चालू आहे, बाई," पारखेसाहेब पहिल्या बाकावरून म्हणाले.

"दोन वाक्यं आहेत. ते माफीपत्र त्यांचं नव्हतं. ते झोपले होते, मी त्यांचा अंगठा लावला. त्यांनी माफी मागितली नव्हती. रजिस्टर आणा आणि त्यांचं नाव पुन्हा खोडा."

कुठं बाक करकरलं. एक बाई कुजबुजली, "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या."

"दुशिंगबाई, तुम्हाला धक्का बसलाय, आम्ही समजतो," पारखेसाहेबांचा आवाज मऊ झाला होता. "माणूस गेला. आता त्याला कशाला बदनाम करता?"

"बदनाम ते आत आहेत म्हणून झालेत, साहेब. त्यांना बाहेर काढा. तिथं त्यांचे सहा जण आहेत."

"शांतीनं बसा. नंतर बोलू."

"त्यांच्या नावाखाली माझं आहे. ते पण खोडा. पाळकसाहेब, तुम्ही पाहिलंय त्यांनी तोंड फिरवलेलं. सांगा ना यांना."

सगळ्यांनी पाळकाकडं पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्यानं पारखेसाहेबांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. त्यानं समोरचं पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "आपण प्रार्थना करू या."

सगळ्या माना खाली गेल्या. सगळे डोळे मिटले. त्यांची ती रीतच आहे, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवायचे नाहीत. पाळकाचा आवाज आधी फाटला, मग सावरला. तो भाकरीसाठी आशीर्वाद मागू लागला.

शारदाबाई अजून उभ्याच होत्या. भाकरीकडं बघत होत्या. मग बाकांच्या मधून चालत माझ्याजवळून गेल्या. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानंच बसा म्हणून खूण केली. पायरीवर चपला घातल्या. डाव्या पायाची पटकन सापडेना, ती बोटांनी ओढून घेतली. फाटक उघडलं आणि मागं नीट लावून घेतलं.

घर उजवीकडं होतं. त्या डावीकडं वळल्या, कारखान्यांच्या बंद शटरांच्या कडेनं. तिकडं त्यांचं कुणी राहत नव्हतं. रविवार असल्यामुळं रस्ता रिकामा होता, पांढरी साडी लांबपर्यंत दिसत राहिली. कुठं थांबल्या नाहीत, वळून पाहिलं नाही.

त्यांना जाताना मी उघड्या दारातून पाहिलं, कारण डोळे मिटायची रीत मला माहीत नव्हती. आणि खिडकीजवळच्या बाकावरून सुहासिनी पारखेंनी पाहिलं. त्यांनी मान वर केली होती, एक हात खिडकीच्या गजावर होता. साडी शेवटच्या शटरापलीकडं गेली, तसा नवऱ्यानं शेजारून त्यांना कोपर लावलं. त्यांनी हात गजावरून काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.